जागा दाखवायची नाही

रविवार, २ फेब्रुवारी

ही वही वर्गासाठी. सरांनी सांगितलं आहे की रोज लिहा, खोडू नका, कुणाला दाखवू नका. न खोडणं मला जमणार नाही. म्हणून असं ठरवलं आहे की चुकलं तर पुढच्या वेळी कंसात दुरुस्ती लिहायची.

वर्गाचं नाव ‘एनएलपी : तोंडओळख’. पूर्ण नाव न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग. सहा रविवार, दहा ते एक, चष्म्याच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. आपण अकरा जण आहोत. सर प्रत्येक वाक्याच्या शेवटी “होय ना?” म्हणतात आणि सगळ्यांच्या माना हलेपर्यंत पुढे सरकत नाहीत.

मी स्वतःहून गेले नाही. मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर असते. गिऱ्हाइकाने आवाज चढवला की माझा आवाज बसतो, आणि डाग त्याच्याच घरचा असला तरी ‘सॉरी’ मीच म्हणते. गेल्या मंगळवारी आई रफू केलेले कपडे द्यायला दुकानात येऊन गेली. ती गेल्यावर अर्ध्या तासात मालकांनी वर्गाचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. “भर. आणि जायचंच.” म्हणजे नोकरी जायच्या आधीचा हा शेवटचा उपाय, असं मी धरून चालले आहे.

आज शिकवलं ते असं. काही माणसं डोळ्यांनी विचार करतात, काही कानांनी, काही स्पर्शाने. कोण कसं, ते त्यांच्या बोलण्यातल्या शब्दांवरून कळतं. ‘मला दिसतंय’ म्हणणारा दृश्य. ‘कानावर आलं’ म्हणणारा श्राव्य. ‘जाणवतंय’ म्हणणारा स्पर्शवाला. ज्याचा जो रस्ता, त्या रस्त्याने गेलं की माणूस आपलं ऐकतो.

सर बोलत होते आणि मी आईचा विचार करत होते. शुक्रवारी डॉक्टरांनी सांगितलं की तिच्या हृदयाची एक झडप नीट उघडत नाही. महिन्याभरात ऑपरेशन करा. नाही केलं तर वर्ष, फार तर दोन वर्षं, आणि तीही धापा टाकत. आईने पिशवी उचलली आणि म्हणाली, “बघू.” आणि मग जिन्यात तीनदा बसली.

मला गिऱ्हाइकं वळवता आली नाहीत तरी चालेल. आईने ‘हो’ म्हणायला हवं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

(दुरुस्ती : जिन्यात ती दोनदा बसली. तिसऱ्यांदा कठड्याला टेकून उभी होती. आणि ‘आपण अकरा’ नव्हे, ‘आम्ही अकरा’. मी वहीशी बोलतेय, वही वर्गात नव्हती.)

दोन दिवस आईचे शब्द मोजले. तिला कळू न देता, पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर रेघा ओढून. ‘बघू’ अकरा वेळा. ‘करून बघ’ चार. ‘चाखून बघ’ दोन. ‘हात लावून बघ’ एक. ‘ऐकून तर बघ’ एक. कानाचे आणि स्पर्शाचे शब्द मिळून दोन, आणि त्यांतही बघणं आहेच.

आई नक्की दृश्य. तसंही तिचं सगळं आयुष्य खिडकीजवळच्या टेबलावर गेलं, फाटलेल्या, जळलेल्या, कसर लागलेल्या कापडाकडे बघण्यात.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज तिला चित्र दाखवलं. ती एका निळ्या कोटावर वाकलेली होती. छातीवर सिगारेटने पडलेलं भोक, नखाएवढं.

“आई, डोळे मीट आणि डोळ्यांसमोर आण. तू जिना चढतेयस. कुठेही न थांबता. हातात भाजीची पिशवी. उजेड आहे.”

“डोळे मिटले तर सुई कुठे जाईल?”

“दोन मिनिटं.”

तिने मिटले. मी सगळं रंगवून सांगितलं, पिशवीचा हिरवा रंगसुद्धा. शेवटी विचारलं, “दिसलं?”

“दिसलं. पिशवीचा बंद उसवलाय.”

“आई!”

“अगं दिसलं ते सांगितलं.”

“मग ऑपरेशनचं?”

“बघू,” ती म्हणाली, आणि पुन्हा कोटावर वाकली.

मला आनंद झाला. तिच्या शब्दांत उत्तर आलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

(दुरुस्ती : आनंद व्हायला नको होता.)

मावशी वर आली होती. ती आईची मोठी बहीण, खालच्या मजल्यावर राहते आणि आमच्या घरात काय शिजतंय ते आमच्या आधी तिला कळतं. मी तिला वर्गाचं सांगितलं, रेघा दाखवल्या. तिने चष्मा पुसून पान वाचलं आणि इतकी हसली की तिला ठसका लागला.

“अगं येडे, तुझी आई ‘बघू’ म्हणते म्हणजे ‘नाही’ म्हणते! जन्मापासून. तोंडावर नाही म्हणायची तिला लाज वाटते. तुझ्या बाबाने लग्नाचं विचारलं तेव्हासुद्धा ही ‘बघू’च म्हणाली होती.”

“मग लग्न कसं झालं?”

“त्याला कळलं नाही ना! दुसऱ्या दिवशी तारीख काढून आला. तुमच्या घरात अक्कल बापाकडून आलीये.”

आई टेबलापाशी होती, तीही हसत होती, सुई धरलेला हात बाजूला करून. मग तिला धाप लागली आणि मावशीने तिच्या हातातली सुई काढून घेतली.

अकरा वेळा ‘बघू’. अकरा वेळा ‘नाही’. एवढं घरातलं साधं मराठी मला वर्गातल्या छापील कागदावरून उलटं समजलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

सरांना ‘बघू’बद्दल विचारलं. ते म्हणाले, मूळ पुस्तकात हे नाही, पण मुद्दा चांगला आहे, होय ना? सगळ्यांनी माना हलवल्या.

आज आरसा. समोरचा जसा बसतो तसं बसायचं, तो हात जिथे ठेवतो तिथे ठेवायचा, त्याच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायचा. आधी सोबत चाला, मग हळूच वळा, तोही वळतो. माझ्या जोडीला एक निवृत्त बसचालक होते. त्यांनी नाक खाजवलं, मी खाजवलं. ते म्हणाले, “पोरी, मला खरंच खाज येत होती.”

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दुकानातून आल्यावर आईसमोर खुर्ची घेऊन बसले. तिच्यासारखी, डावा खांदा किंचित खाली. हातात उसवायला एक अस्तर घेतलं. मग तिचा श्वास धरला.

मला वाटलं होतं सोपं जाईल. पण तिचा श्वास संपतो कुठे आणि दुसरा सुरू कुठे होतो तेच कळेना. वर येतो, अर्ध्यात अडतो, तिथूनच परत फिरतो. मी तसेच घेतले. चार-पाच मिनिटांत माझ्या बोटांना मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे अंधारलं, अस्तर खाली पडलं.

“काय झालं गं?”

“काही नाही.”

घड्याळ लावून मोजले. मिनिटाला एकतीस. माझे पंधरा. मला पाच मिनिटं जे सोसलं नाही त्यात ती दिवसभर बसून दुसऱ्यांची भोकं बुजवते. एवढ्या वर्षांत मी तिच्याकडे इतकं जवळून पाहिलंच नव्हतं. वर्गाने एवढं तरी दिलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पकडली गेले.

तिने मान कलती केली, मी केली. तिने चष्मा वर सारला, माझ्या नाकावर चष्मा नाही तरी माझं बोट वर गेलं. तिने सुई ठेवली.

“तुझा रफू दिसतोय गं.”

“कसला रफू?”

“हाच, तू करतेयस तो. परवापासून बघतेय, घरात दोन-दोन मी फिरतेय.”

मी नाही म्हणाले. (तीन वेळा. हे खोटं होतं.) तिने निळा कोट उलटा करून आतली दुमड माझ्यासमोर धरली.

“रफूला बाजारचा धागा चालत नाही. कितीही रंग जुळवलास तरी उन्हात वेगळा पडतो. धागा त्याच कापडाचा लागतो, आतल्या दुमडीतून ओढलेला, जिथे कुणी बघत नाही. तुझा तो होय-ना सर बाजारचा धागा देतोय तुला.”

मग म्हणाली, “ओढ बरं. आठवतंय का?”

आठवतंय. मी नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही, सारखी आजारी, अंथरुणावर असायची. याच टेबलावर शिकले. अक्षरं शिंप्याच्या खडूने काळ्या कापडावर, आणि हिशेब धाग्यांवर. आठ ओळी भरायच्या तर किती धागे ओढायचे? आठ, असं म्हटलं की टपली बसायची. दहा. आठ लागतात, दोन तुटतातच.

मी दहा ओढले. दोन तुटले. आईने उरलेले आठ पुठ्ठ्यावर गुंडाळले आणि विचारलं, “हे आरशाचं वगैरे दुकानात करून बघतेस की नाही?”

“दुकानात भीती वाटते.”

“तिथे कर. माझ्यावर काय करायचंय. मी काय गिऱ्हाईक आहे?”

रविवार, १६ फेब्रुवारी

आज दोन गोष्टी. पहिली : मेंदूला ‘नाही’ ऐकू येत नाही. ‘पडू नकोस’ म्हटलं की तो आधी पडल्याचं चित्र काढतो. म्हणून जे हवं तेच सांगा, नको ते बोलूच नका.

दुसरी : नांगर. माणूस सुखाची आठवण सांगत असताना ती अगदी भरात आली की त्याच्या मनगटाला एका ठरावीक जागी दाबायचं. पुढे कधी भीती वाटली की तीच जागा दाबायची, ते सुख परत येतं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे. आई तपासणीच्या खोलीत असताना त्यांनी मला बाहेर सांगितलं. तिचं वय, फुप्फुसांची अवस्था, सगळं धरून दहातले आठ जण बरे होऊन घरी जातात. मी विचारलं, आणि दोघं? ते म्हणाले, “दोघं नाहीत जात.” नीट सांगितलं, घाई केली नाही.

घरी आल्यावर आई टेबलाशी बसली, कोट घेतला, दुमडीतून धागे काढायला लागली. “काय म्हणाले डॉक्टर?”

मी म्हणाले, “दहातले आठ जण चालत घरी जातात.”

तिच्या हातात धागा होता. तो तिने आधी पुरा ओढून काढला.

“हं,” म्हणाली. “दहातले आठ.”

पुढे काही विचारलं नाही.  मला वाटलं, ती दोघांचं विचारेल, विचारलं की सांगू. तिने विचारलं नाही.

मी खोटं बोलले नाही. पुन्हा वाचलं, वाक्यात खोटं काही नाही. तरी जेवण गेलं नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आईला विचारलं, तुझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा क्षण कुठला. मला वाटलं माझा जन्म सांगेल. निदान लग्न.

ती म्हणाली, “तो राखाडी ओव्हरकोट.”

“कुठला?”

“तू पोटात होतीस. एक उंच गृहस्थ, बापाचा ओव्हरकोट, पाठीवर हाताएवढी फाट. सोळा दिवस बसले होते मी त्यावर. घ्यायला आला, कोट दारात उजेडात नेला, उलटा केला, सुलटा केला, आणि तावातावाने परत आला. म्हणाला, बाई, हा माझा कोट नाही! बदललात तुम्ही!” आई सांगताना उजळली होती, श्वाससुद्धा जरा लांब आला. “मग खिशात बापाचं तिकीट सापडलं त्याला. तिथेच उभा राहिला बिचारा. विचारतो, कुठे होतं हो फाटलेलं?”

“मग तू दाखवलंस?”

“छे! जागा दाखवायची नाही कधी. दाखवली की त्याला आयुष्यभर तेवढंच दिसतं.”

“मी असते तर दाखवलं असतं.”

“तू तर पावतीवर लिहून दिलं असतंस.”

ती हसली आणि मी तिचं डावं मनगट धरलं, आतल्या बाजूने, अंगठ्याने, दोनदा. तिने हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हात काढून घेतला नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

हो म्हणाली!

क्रमाने लिहिते. दुपारी दुकानात एक जाड मिशांचा माणूस आला, जॅकेट आपटलं. “बटण तोडलंत तुम्ही!” ‘सॉरी’ तोंडात आलंच होतं. मग मला बसचालक आठवले. मी त्याच्यासारखे दोन्ही हात काउंटरवर टेकवले, सरळ उभी राहिले, त्याच्याच आवाजात म्हणाले, “बटण आम्ही तोडलेलं नाही. कपडा आला तेव्हाच नव्हतं. पावतीवर लिहिलंय, खाली तुमची सही आहे.” तो पावतीकडे बघत राहिला. मी हळूच आवाज खाली आणला, त्याचाही आला. जाताना म्हणाला, “बायकोनं पाठवलं हो मला.” मालक आतून बघत होते.

आईला सांगितलं. तिने सुई ठेवली आणि पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा, मावशीला वर बोलावून.

“आणि सॉरी नाही म्हणालीस?”

“नाही.”

“एकदाही?”

“एकदाही नाही गं.”

 मावशी म्हणाली, “चला, कोंबडी आरवली एकदाची.” आई एवढं जेवलेली कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

मावशी खाली गेल्यावर मी सरांच्या छापील कागदावरची तीन होकारांची युक्ती काढली. तीन साध्या गोष्टींना ‘हो’ मिळवायचं, चौथा ‘हो’ आपोआप येतो.

“आज जेवण गेलं ना तुला?”

“हो.”

“मावशी हसली ना?”

“हो.”

“वारा छान येतोय ना?”

“हो.”

“मग ऑपरेशनची तारीख घेऊया ना?”

ती म्हणाली, “बरं.”

‘बघू’ नाही. ‘बरं’! तीन होकार खरंच चालतात.

सोमवार, २४ फेब्रुवारी

तारीख मिळाली. सत्तावीस.

(दुरुस्ती : तीन होकारांचं मी आनंदात लिहिलं. आता वाटतं, तो ‘बरं’ तिचा होता की माझा? दोघांचं मी अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी ठरवते, रोज ती हसून काहीतरी बोलते. सांगितलं आणि ती ‘बघू’ म्हणाली तर?)

बुधवार, २६ फेब्रुवारी

दवाखान्यात दाखल केलं. निघताना ती टेबल आवरत होती. निळा कोट अर्धवट. उभे धागे सगळे भरलेले, आडव्या ओळींपैकी आठ राहिलेल्या.

“एवढं करून गेले असते,” म्हणाली.

“आल्यावर कर.”

तिने कोटाची घडी घातली. सुया पेटीत नीट लावल्या, मोठीपासून बारीकपर्यंत, आणि पेटी माझ्या बाजूच्या खणात ठेवली. तिचा खण वरचा आहे. चुकून ठेवली असेल, धावपळीत.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

नेताना स्ट्रेचरजवळ मी तिचं मनगट दाबलं. दोनदा. ती म्हणाली, “राखाडी कोट ना? आला, आला.”

पाच तास लागले. झडप बसली. डॉक्टर म्हणाले, आता वाट बघायची.

शनिवार, १ मार्च

दिवसातून दोनदा दहा मिनिटं आत सोडतात. घशात नळी, बोलता येत नाही. ताप आहे. यंत्र तिच्यासाठी श्वास घेतं, मिनिटाला सोळा. एवढे सावकाश श्वास तिच्या अंगावर परक्या कपड्यासारखे दिसतात.

मी म्हणाले, “आई, मी तुला एक सांगितलं नव्हतं.” परिचारिका म्हणाल्या, वेळ झाली.

तेवढ्यात आईने माझं मनगट धरलं. डावं, आतल्या बाजूने, अंगठ्याने. दोनदा दाबलं. हे दुसऱ्यावर करता येतं असं मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

सोमवार, ३ मार्च

आई गेली. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी.

रविवार, ९ मार्च

शेवटचा वर्ग. का गेले माहीत नाही. मावशी म्हणाली, घरात बसून भिंतींना काय शिकवणार आहेस, जा.

सरांनी फळ्यावर लिहिलं : अपयश नसतं, फक्त प्रतिसाद असतो. “होय ना?”

दहा माना हलल्या. माझी हलली नाही. सर थांबले. त्यांना पुढे जाताच येईना. पुन्हा म्हणाले, “होय ना?” आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, “सर, माझी आई गेली. ऑपरेशनला नाही म्हणत होती. मी आरसा केला, नांगर केला, तीन होकार घेतले. मग ती हो म्हणाली.”

 सर खडू ठेवून माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले.

“मला माहीत नव्हतं,” ते म्हणाले. पुढे ‘होय ना’ आलं नाही.

“मी तिला वळवलं का, सर?”

“दोन-चार रविवारांत कुणी कुणाला वळवत नाही हो. मी अकरा वर्षं हे शिकवतोय, माझा मुलगा माझ्याशी फोनवरसुद्धा बोलत नाही.” मग म्हणाले, “पण तुम्ही विचारताय त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.”

बसचालकांनी आपला रुमाल दिला. धुऊन परत करायचा आहे.

मंगळवार, ११ मार्च

मावशीला सगळं सांगितलं. आईला आठ जणांचं सांगितलं आणि दोघांचं गिळलं, तेही. ती कपडे वाळत घालत होती, हातातला टॉवेल तसाच राहिला.

“मग? आता मी काय करू?”

“तिला कळलं होतं का गं? काही बोलली होती तुला?”

“मला काय माहीत! ती कुणाला काय सांगायची? ऑपरेशनचं दोनदा विचारलं मी, तर म्हणाली, पोरीचा वर्ग होऊ दे.” मावशीने हातातला टॉवेल पुन्हा पिळला. “तू माफी मागायला आलीस माझ्याकडे? माझी बहीण गेली, मी कुणाकडे जाऊ?”

मी तिच्या हातातला टॉवेल घेतला आणि उरलेले कपडे वाळत घातले. तिने चिमटे दिले, एकेक करून.

(‘वर्ग होऊ दे’ म्हणजे काय ते कळलं नाही. माझा एखादा रविवार बुडू नये म्हणून असेल.)

गुरुवार, १३ मार्च

दुकानात गेले. सगळे हळू बोलत होते. मालकांनी मला आत बोलावलं. निळ्या कोटाचं गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं, तसाच परत करायचा का, असं विचारलं.

“बाईंनी मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या,” मालक म्हणाले. “एक मी अर्ध्या तासात केली.”

दुसरी म्हणजे हा कोट असणार. मी म्हणाले, आठच ओळी राहिल्यात.

“तू करशील? हा आणि पुढचेही?”

“बघू,” मी म्हणाले.

मालकांनी चष्म्यावरून पाहिलं. “बाईंचं बघू की तुझं?”

 ते माझ्याच तोंडून आलं होतं, पण आवाज माझा नव्हता.

रविवार, १६ मार्च

आज वर्ग नाही. सकाळी उन्हात टेबलाशी बसले. तिच्या खुर्चीवर नाही, माझ्या.

कोट उलगडला. आईने गुंडाळलेल्या पुठ्ठ्यावर एकही धागा उरलेला नव्हता. दुमड उघडली आणि ओढायला लागले. आठ ओळी, म्हणून दहा. पहिला नीट आला. दुसरा, तिसरा. चौथा मध्येच तुटला. पाचवा, सहावा, सातवा, आठवा. नववा तुटला. दहावा आला.

आठ झाले. दोन तुकडे टेबलावर पडले होते.

मी ते बोटाने जवळ ओढले. ऊन टेबलावरून खाली उतरलं.

‘हं,’ ती म्हणाली होती. ‘दहातले आठ.’ हातात तेव्हा याच दुमडीचा धागा होता. मला हिशेब शिकवला कुणी?

मावशी वर आली, मला पाहिलं, पाणी ठेवलं आणि समोर बसली. म्हणाली, “मान इतकी वाकवू नकोस, तिची आठवण येते.”

मी मान सरळ केली. आठ ओळी भरल्या.

मंगळवार, १८ मार्च

निळ्या कोटाचं गिऱ्हाईक आलं. पन्नाशीचे गृहस्थ, मऊ बोलणारे. कोट दारात उजेडात नेला, छातीपाशी बोट फिरवलं, उलटा केला, सुलटा केला.

मला माझ्या आठ ओळी दिसत होत्या. किंचित ताठ आहेत. तिच्या ओळी कुठे संपतात ते मला सापडत नव्हतं, मीच तिथून पुढे सुरू केलं असूनही.

ते काउंटरशी परत आले. “कमाल आहे. कुठे होतं हो भोक?”

मी पावती फाडली, त्यांच्यापुढे सरकवली.

जागा दाखवली नाही.